मौलवीसाबांनी दिलेला इतवार

नांदेडच्या स्टेशनावरून आमची गाडी सुटली तो शुक्रवार होता. बाबांनी तो मुद्दाम निवडला होता. निजामाच्या राज्यात शुक्रवारी शाळा-कचेऱ्या बंद असत, म्हणजे निरोप द्यायला येणाऱ्यांना कुणाकडे रजा मागावी लागणार नव्हती. प्लॅटफॉर्मवर धुकं रेंगाळत होतं आणि त्या धुक्यातून बाबांचे विद्यार्थी एकेक करून उगवत होते. कुणाच्या हातात झेंडूची माळ, कुणी नुसताच हात मागे बांधून उभा. गुरुद्वाऱ्याकडून पहाटेचं कीर्तन अगदी पुसट ऐकू येत होतं, की मला आता तसं वाटतं, कोण जाणे. त्या सकाळची प्रत्येक गोष्ट मला पाण्याखाली ठेवल्यासारखी दिसते.

मौलवीसाब सगळ्यांच्या शेवटी आले. बाबांच्याच शाळेत ते उर्दू शिकवायचे. त्यांनी मायच्या हातात पितळी डबा दिला आणि म्हणाले, "आज जुम्मा हाय बाई, म्हणून बैंगन दिलेत. गोश्त न्हाई." आम्ही कॅथलिक. शुक्रवारी आमच्याकडे मटण चालत नाही, हे मौलवीसाबांच्या घरात लहान पोरालाही पाठ होतं. गाडी हलली तसे ते खिडकीतून बाबांचा हात धरून चालू लागले. चालता चालता गाडीचा वेग वाढला, त्यांचाही वाढला, आणि मग हात सुटला. दोघांपैकी कुणी काही बोललं नाही. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते आणि मला वाटलं होतं की मोठी माणसं अशा वेळी काहीतरी बोलतात.

हे मी लिहायला बसले आहे ते तुम्हा दोन्हीकडच्यांसाठी. आमच्या त्या गल्लीत जे राहिले त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे तिथून उठून पुणं, मुंबई, सिकंदराबाद, मिळेल तिकडे गेले त्यांच्यासाठीही. तुम्ही म्हणाल, म्हातारीला आत्ताच कसं सुचलं. सुचलं खरं. रोज दुपारी डोळा लागतो आणि मी नांदेडात असते. तिथं सगळे जिवंत असतात आणि कुणालाच घाई नसते.

बाबा वैजापूरकडच्या खेड्यातले. आजोबांच्या वेळेपासून घर कॅथलिक. मिशनच्या शाळेत शिकले, उर्दू उत्तम आली, म्हणून निजाम सरकारच्या शाळेत गणिताचे मास्तर झाले. पहिली नेमणूक औशाला. तिथं किल्ल्याच्या सावलीत आमच्या कुटुंबाशिवाय दुसरा कॅथलिक माणूस नव्हता. वर्षातून एकदा सोलापूरच्या रस्त्याला लागायचं, तिथल्या चर्चमध्ये मिस्सा ऐकायची आणि परत यायचं. मिस्सा म्हणजे आमची रविवारची उपासना. ती होता होईतो चुकवू नये, जाणूनबुजून चुकवली तर पाप, असं आम्हाला बोलता येऊ लागल्यापासून शिकवलेलं. औशाला ती होतच नव्हती, तर चुकवणार काय, असं माय म्हणायची आणि जपमाळ ओढत बसायची.

मग बदली नांदेडला झाली आणि माय हरखली, कारण नांदेडला रेल्वे होती. रेल्वे म्हणजे फादर येणार. महिन्यातल्या एका इतवारी फादर जालन्याकडून निघायचे, पहाटे पूर्णेच्या रेल्वेवाल्या लोकांसाठी एक मिस्सा करायचे आणि मग पुढच्या गाडीनं आमच्याकडे यायचे. गाडी कधी वेळेवर आली तर माय म्हणायची, आज चमत्कार झाला, फादरांना सांगून लिहून ठेवा. फादर गोरे, लाल दाढीचे, त्यांचं मराठी कुठल्यातरी जुन्या पुस्तकातून उचललेलं. "हे कन्ये, मला किंचित जल दे," असं मला म्हणाले होते मिस्सा झाल्यावर. आधी नाही. मिस्सेआधी कडक उपास, थेंबभर पाणीसुद्धा चालत नसे, त्यांनाही आणि आम्हालाही.

नांदेडात तेव्हा चर्च नव्हतं. नवं प्रार्थनास्थळ बांधायचं तर सरकारची परवानगी, आणि ती मागणार कोण, आम्ही मूठभर. रेल्वेतली दोन गोवेकर कुटुंबं, दवाखान्यातली एक तेलुगू नर्स, आणि आम्ही. मग आमच्याच पुढच्या खोलीत टेबलावर पांढरी चादर अंथरायची, दोन मेणबत्त्या लावायच्या, खिडक्या लोटायच्या आणि हळू आवाजात गायचं. इतकं हळू की मेणबत्तीची ज्योत हलू नये. अर्धवट अंधार, मेणाचा वास, फादरांचं लॅटिन, आणि रिकाम्या पोटी येणारी ती गोड गुंगी. देव असाच कुजबुजत येतो, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

आमच्या घरात काळही तीन तऱ्हेचा होता. शाळेच्या कामाला निजाम सरकारचे फसली महिने, बहमन, इस्फंदार. शेजारपाजारच्या सणांना चैत्र-वैशाख. आणि मायच्या डोक्यात चर्चचं वर्ष, उपवासकाळ, ईस्टर, संतांचे सण. कुणी आज काय म्हणून विचारलं तर आधी विचारावं लागे, कुणाचं आज. पण त्यात एक पेच होता. सुट्टी शुक्रवारी आणि आमचा पवित्र वार इतवार, ज्या दिवशी शाळा चालू. शुक्रवारी सगळं नांदेड मटणाच्या वासानं घमघमायचं, बाबा घरी, हातात वेळच वेळ, आणि आमच्या ताटात वरण. आणि इतवारी फादर दारात, तर बाबांना वर्गात असायला हवं.

हा पेच मौलवीसाबांनी सोडवला होता. त्यांची म्हातारी आई कंधारला असे. कंधारची बस गुरुवारी दुपारी सुटायची, शाळा सुटायच्या आधी. तर ठरलं असं, की गुरुवारचे शेवटचे तास मौलवीसाबांच्या वर्गावर बाबांनी जायचं, आणि फादर येतील त्या इतवारी सकाळचे बाबांचे तास मौलवीसाबांनी घ्यायचे. गुरुवारची दुपार देऊन इतवारची सकाळ घ्यायची. पोरांना इतवारी हिशेबाऐवजी शेर ऐकायला मिळायचे, ती फादरांच्या येण्याची आमच्याइतकीच वाट बघत. हेडमास्तर भले होते. ही अदलाबदल त्यांना ठाऊक होती आणि ठाऊक नव्हतीही. त्यावर शाळा चालत होती, मौलवीसाबांची आई लेकाला बघत होती, आणि बाबांचा इतवार टिकून होता.

मग दिवस बिघडले. निजामाचं राज्य शेवटाला आलं होतं हे आता आपण सांगतो, तेव्हा एवढंच जाणवायचं की जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेनं बघतो. चार माणसं कुठं जमली की विचारणा, कशाला जमली. त्या हवेत वरच्या कचेरीतून हुकूम आला, की मास्तरांनी आपसांत तासांची अदलाबदल करायची नाही, आणि शाळेच्या दिवशी स्वतःच्या पूजा-प्रार्थनेसाठी कुणी गैरहजर राहायचं नाही. सरकारनं आठवड्याची सुट्टी दिलेली आहे, ज्याला जे करायचं ते त्याने त्या दिवशी करावं.

ऐकायला हुकूम सरळ होता. शुक्रवार मोकळा आहे, देवाला काय, तो शुक्रवारीही ऐकतो. आमच्या गल्लीतली शहाणी माणसं हेच म्हणाली, आणि वाईट बुद्धीनं म्हणाली नाहीत. पण फादर शुक्रवारी येऊन मिस्सा करून गेले म्हणून इतवारचं कर्तव्य फिटत नाही, हे त्यांना समजावणार कसं? एकादशी द्वादशीला करा म्हणण्यासारखं ते होतं.

बाबांनी फादरांना विचारलं. मी पाणी घेऊन उभी होते. फादर म्हणाले, ज्याला जमणंच शक्य नाही त्याच्याकडून चर्च ते मागत नाही. पोट आहे, लेकरं आहेत. तुम्ही वर्गावर जा, तुम्हाला दोष लागणार नाही. मायनं निःश्वास सोडला. बाबांनी मान डोलावली आणि पुढच्या इतवारी खरोखरच शाळेत गेले.

ते इतवार मला अजून स्वप्नात येतात. आमच्याच घरात मिस्सा आणि बाबाच नाहीत. सतरंजीवर त्यांची जागा माय मोकळी सोडायची, तिथं कुणाला बसू द्यायची नाही. घंटी वाजली की मी त्या मोकळ्या जागेकडे बघायची. बाबा त्या वेळी पलीकडच्या रस्त्याला त्रैराशिक शिकवत असायचे. संध्याकाळी घरी आले की विचारायचे, फादरांनी आज कुठला उतारा वाचला. मी सांगायची. ते डोळे मिटून ऐकायचे आणि पुन्हा सांग म्हणायचे. एवढ्यावर भागलं असतं तर आम्ही आजही नांदेडला असतो.

पण कुणीतरी वर कळवलं की या शाळेत इतवारचं काही वेगळं चालतं. शाळाखात्याचे इन्स्पेक्टर साहेब आले. शाळेत काय घडलं ते मौलवीसाबांनी त्याच संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसून मायला सांगितलं, आणि मी दाराआडून ऐकलं. साहेब काही दुष्ट नव्हते. चहा प्याले, बाबांच्या उर्दूचं कौतुक केलं. मग सगळ्या मास्तरांच्या देखत म्हणाले, "मास्तरसाहब, बस इतना कह दीजिए कि आपके लिए जुम्मा काफी है. बात खत्म."

एवढंच म्हणायचं होतं. मला शुक्रवार पुरे आहे, इतवारशी माझं काही देणंघेणं नाही. साहेब ते वर कळवणार आणि प्रकरण मिटणार.

बाबा उभे राहिले. म्हणाले, "इतवारी मी वर्गात हजर राहीन, साहेब. राहूनच राहिलो. पण इतवार माझा न्हाई, असं माझ्या तोंडातून निघणार न्हाई."

साहेबांनी पुन्हा समजावलं. बाबा उभेच. तेव्हा मौलवीसाब उठले आणि म्हणाले, साहेब, मास्तर बुजरे आहेत, चारचौघांत बोलत नाहीत, पण मला त्यांनी कितीदा सांगितलंय की जुम्मा पुरे. धादांत खोटं. पाच वेळा नमाज पढणारा माणूस, स्वतःच्या मुलाला कधी खोटं बोलू दिलं नाही, तो आमच्यासाठी बोलला. बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. "मौलवीसाब, माझ्यापायी तुमी खोटं बोलू नका." ओसरीवर हे सांगताना मौलवीसाबांना रडू आलं. मी पुरुषाला रडताना प्रथम तेव्हा पाहिलं.

माय मात्र रडली नाही. मौलवीसाब गेल्यावर ती बाबांवर जी उसळली, ते मी अजून विसरले नाही. "फादर म्हन्ले चालतंय, चर्च म्हन्लं चालतंय. तुमी काय पोपाच्याबी वर झाले?" बाबा म्हणाले, फादरांनी मला मिस्सेला न जायची मोकळीक दिली, इतवार माझा न्हाई म्हणायची न्हाई दिली. "आन लेकरांनी काय खावं मंग," माय म्हणाली, "तुमची जबान?"  बाबांनी चपला घातल्या आणि ते नदीवर जाऊन बसले.

खरं सांगू, मला तेव्हा माय बरोबर वाटली होती. आजही अर्धी बरोबर वाटते. एका वाक्यासाठी माणसानं घर मोडावं का? पण ते वाक्य बाबा बोलले असते, तर पुढे दर महिन्याला पांढऱ्या चादरीपुढे गुडघे टेकणारा माणूस कोण असता, हेही मला तितकंच कळतं. दोन्ही कळतं आणि निवाडा होत नाही. म्हातारपणी सगळ्याच गोष्टींचं असं होतं, असं नाही, पण हिचं झालं.

काही दिवसांनी हुकूम आला आणि नोकरी गेली. फादरांनी पुण्याच्या मिशनच्या शाळेत शब्द टाकला. त्यांना आत कुठंतरी अपराधी वाटत होतं, असं माय म्हणायची, आणि त्याचा तिने पुरेपूर फायदा घेतला. तर असे आम्ही त्या शुक्रवारी गाडीत बसलो. मनमाडला गाडी बदलली. त्याआधी, निजामाची हद्द संपताना, करोडगिरीच्या म्हणजे जकातीच्या शिपायांनी आमच्या ट्रंका उलथ्यापालथ्या केल्या आणि टेबलाची ती पांढरी चादर उलगडून उजेडात धरून बघितली. मग पुन्हा नीट घडी करून दिली.

पुण्यात लष्कर भागात दोन खोल्या मिळाल्या. समोर चर्च, आणि चर्चला घंटा. पहिल्या इतवारी ती वाजली तेव्हा माय दचकून खिडक्या लोटायला धावली. चर्चमध्ये शेकडो माणसं मोकळ्या गळ्यानं गात होती, क्वायर होता, ऑर्गन होता, आणि आम्ही चौघं त्या गर्दीत कुजबुजत होतो. शेजारची गोरटेली बाई मायकडे बघून हसली. माय शेवटपर्यंत तशीच हळू गात राहिली. तिला मोठ्यानं गाता येत नव्हतं असं नाही, जात्यावर तिचा आवाज तीन घरं पलीकडे जायचा.

पहिल्या शुक्रवारी मी आणि धाकटा भाऊ योहान अंथरुणातून उठलोच नाही. आज सुट्टी ना! आणि इतवारी, मिस्सा झाल्यावर, बाबा कोट चढवून शाळेत गेले. कुलूपबंद फाटकापुढे बराच वेळ उभे होते. रखवालदारानं विचारलं, मास्तर, आज काय हो? बाबा हसत हसत घरी आले आणि आम्हीही हसलो. पण ते हसणं काही नीट जमलं नाही.

शाळेतल्या मुली माझ्या तोंडी 'लई' आणि 'हौ' आलं की फिदीफिदी करायच्या. आईला माय म्हणते म्हणून तर फारच. मी पटापट शिकले. चर्चच्या वस्तीला पॅरिश, धर्मशिक्षणाला कॅटेकिझम, मग युनिफॉर्म, नाताळचा केक. वर्षभरात माझं मराठी इतकं धुऊन निघालं की योहान मला बामणीण म्हणायचा. बाबांनी मात्र एक शब्द बदलला नाही. पुण्यातल्या वर्गात ते 'हो'ला 'हौ' म्हणायचे आणि पोरं त्यांची नक्कल करायची.

आणि ज्याच्यासाठी सगळं सोडलं, तो इतवार आता दर आठवड्याला मिळत होता, अख्खा. बाबा मिस्सेला जायचे, येऊन खुर्चीत बसायचे आणि दिवसभर खिडकीबाहेर बघत राहायचे. मायनं एकदा विचारलं, आता काय कमी हाय? ते म्हणाले, "इथं इतवार फुकट मिळतो." माय चिडली. मला वाटलं, बाबांना कशातच समाधान नाही. ते काय म्हणत होते हे कळायला मला नांदेडला परत जावं लागलं.

निजामाचं राज्य गेलं. पोलीस ॲक्शन झाली, आणि त्या दिवसांत आमच्या मुलखात काय काय झालं ते पुण्याला तुकड्यातुकड्यांनी यायचं. वर्षभरानं नांदेडला आमच्या मिस्सेला येणारे रेल्वेतले गोवेकर गार्ड पुण्याला आले तेव्हा बरंच कळलं. लातूरला मौलवीसाबांच्या धाकट्या भावाचं कापडाचं दुकान होतं. दुकान राहिलं नाही आणि भाऊही राहिला नाही. कंधारची आई त्या धक्क्यानं गेली. मौलवीसाब आहेत, शाळेतच आहेत, उर्दूचे तास कमी झालेत. आणि मग गार्डकाका हसून म्हणाले, मास्तर, तुमच्यासाठी खुशखबर. नांदेडात आता इतवारची सुट्टी झाली. शुक्रवारी शाळा चालू.

माय टाळ्या वाजवायचीच बाकी होती. चला परत, आता कोण अडवतं, असं ती म्हणाली. बाबांच्या चेहऱ्यावर आनंद असा काही दिसलाच नाही. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "मंग मौलवीसाबांच्या जुम्म्याचं काय?"

गार्डकाकांना प्रश्नच कळला नाही. कुणालाच कळला नाही. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ आणि वर्गाची वेळ एकच, एवढाच तो प्रश्न होता.

त्या नाताळानंतर मिशनच्या शाळेची लांब सुट्टी चालू होती, नांदेडची शाळा सुरू झाली होती. बाबा मला घेऊन निघाले. स्टेशनावरून सरळ मौलवीसाबांच्या घरी. खालांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला कवटाळलं आणि सोडेनाच. मौलवीसाबांची दाढी पांढरी झाली होती. दोघं मित्र ओसरीवर बसले. बाबांनी विचारलं, जुम्म्याला तुमचा तास कोण घेतं?

"कोनी न्हाई," मौलवीसाब म्हणाले. "आता कुनाला म्हणावं, मास्तर? म्हणायची हिंमत होत न्हाई. घरी येऊन पढतो, उशिरानं." त्यांनी तक्रार केली नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. जेवणाच्या सुट्टीनंतर बाबा मला घेऊन शाळेत गेले. मी व्हरांड्यात उभी राहिले. मौलवीसाब वर्गात फळ्यावर काहीतरी लिहीत होते. जवळच्या मशिदीतून अजान सुरू झाली आणि त्यांचा खडू थांबला. क्षणभरच. मग ते पुन्हा लिहू लागले. बाबा आत गेले, त्यांच्या हातातून खडू काढून घेतला आणि म्हणाले, "जावा तुमी. हा तास माझा."

मौलवीसाब म्हणाले, मास्तर, तुम्ही आता इथले नाही. नवे हेडमास्तर काय म्हणतील.

"मी सांगतो त्यास्नी. जावा, वखत होऊन राहिला."

मौलवीसाब गेले. मी त्यांना मैदान ओलांडताना पाहिलं. आधी चालत होते, मग म्हातारा माणूस जवळजवळ पळतच गेला.

बाबांनी उर्दूच्या त्या तासाला व्याज शिकवलं. दुसरं त्यांना येतंय काय! नवे हेडमास्तर आले, दारात उभे राहिले. तरुण होते, खादीचा सदरा. आपण कोण, म्हणून त्यांनी विचारलं. बाबांनी खरं ते सगळं सांगितलं. मी इथं शिकवायचो, इतवारी मौलवीसाब माझा वर्ग सांभाळायचे, आज जुम्मा हाय.  हेडमास्तर म्हणाले, तास संपल्यावर घंटा झाली की वर्ग शांतपणे सोडा. आणि गेले. मी व्हरांड्यातल्या पायरीवर बसून उरलेला तास ऐकला.

परतीच्या गाडीत बाबांना बोलावंसं वाटत होतं. नोकरीचं विचारलं का, म्हणून मी विचारलं. ते नाही म्हणाले. त्यांची जागा भरली होती, शाळा मराठी होत चालली होती, योहानचं शिक्षण पुण्यात रुळलं होतं. परत जाणं होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, मलाही कळून चुकलं होतं. बाहेर ज्वारीची शेतं मागे पळत होती, बाबांची मान डुलत होती. मला वाटलं झोपले. डोळे मिटूनच ते म्हणाले, "पुण्यात आपलं काही अडत न्हाई, मार्था. पर आपल्यावाचून ज्याचं अडतं, तो जिथं असतो, त्याला घर म्हणावं."

बाबा पुण्यातच गेले, माय त्यांच्या मागून. घंटेच्या आवाजात दोघांना पोचवलं. मी इथंच शिक्षिका झाले, इथंच लग्न, इथंच लेकरं, आता नातवंडं परदेशात. इतवारी सगळं शहर झोपलेलं असतं, माझी मुलगी मला गाडीतून चर्चला सोडते, कुणाकडे काही मागावं लागत नाही. माझं काही अडत नाही. माझ्यावाचून कुणाचं अडत असेल, असंही वाटत नाही. सुखात आहे असं म्हणतात याला, आणि मी ते नाकारत नाही.

तुम्ही जे तिथंच राहिलात, त्यांना मला एवढंच विचारायचं आहे. नांदेडला आता मोठी कॉलेजं झालीत म्हणे, चर्चही झालं, सगळं झालं. शुक्रवारी दुपारचा तास हल्ली कोण घेतं?